सिलिंडर फिरत नाही, आता काय?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं श्रावणात निधन झालं. त्यांच्याकडे चाळीसेक वर्षं परवान्याचं रिव्हॉल्वर होतं. कपाट आवरताना ते चामड्याच्या कव्हरात सापडलं. बत्तीस बोअरचं, वरून मोडून उघडणारं आहे म्हणतात. पण ते उघडत नाही आणि सिलिंडरही जागचं हलत नाही. मागच्या फटीतून पितळेच्या कडा दिसतात, त्यावर हिरवट थर आहे. मामंजी दर दिवाळीला त्याला खोबरेल लावायचे, हे सासूबाईंना आठवतं. माझे यजमान म्हणतात, 'गोळ्या इतक्या जुन्या आहेत की केव्हाच मेल्या असतील.' त्यांनी गंज सोडवायचा स्प्रे आणलाय. व्हिडिओ बघून रविवारी लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकणार आहेत. मला भीती वाटते. मी उगाच घाबरते आहे का?
— एक वाचक, शिरूर तालुका

उत्तर : ताई, उगाच नाही. रविवारचा बेत मोडा, हातोडी माळ्यावर टाका आणि हे उत्तर यजमानांना मोठ्यानं वाचून दाखवा. मी एकतीस वर्षं पोलिसांत आर्मरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा-दुरुस्त करणारा, होतो. आता परवान्याच्या एका दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. माझं ऐकण्यात त्यांना कमीपणा वाटायचं कारण नाही.

'मेल्या असतील' हे मी टेबलापलीकडून आजवर शेकडो वेळा ऐकलंय. काडतूस म्हणजे दूध नव्हे, तारीख उलटली की नासायला. कोरड्यात राहिलेलं काडतूस माणसापेक्षा जास्त जगतं. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जुनी काडतुसं आम्ही रेंजवर उडवून संपवत होतो. बहुतेक पहिल्याच ठोक्याला उडाली. दोन उडालीच नाहीत. आणि एक 'फस्स' करून अर्धवट उडालं. त्या अर्धवटाबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलंय, ते यजमानांनी जरूर वाचावं, कारण तेलाचा स्प्रे मारून तुम्ही नेमकी तसली काडतुसं तयार करता. काडतुसाच्या बुडात ठोक्यानं ठिणगी देणारी छोटी टोपी असते, तिच्या सांध्यातून स्प्रे आत झिरपतो. कधी काडतूस पुरतं मरतं, कधी अर्धं मरतं, कधी त्याला काहीच होत नाही. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात.

पुढे जाण्याआधी शब्दांचा घोळ मिटवतो. आपल्याकडे लोक चापालाच घोडा म्हणतात, मुंबईत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. माझ्या लेखी चाप म्हणजे बोटाखाली असतो तो. घोडा म्हणजे मागे कानासारखा उभा असतो आणि पुढे येऊन काडतुसाच्या बुडावर आपटतो तो.

आता हत्याराला हात न लावता, बाजूनं बघून एवढंच ठरवा : घोडा मागे ओढून उभा राहिलेला आहे, की पुढे पडलेला? उभा असेल तर ती खोली बंद करा, मुलांना दुसरीकडे पाठवा आणि फोन उचला. उभा घोडा अंगठ्यानं हळूच खाली आणायचा प्रयोग अडकलेल्या हत्यारावर मीही हातात धरून करत नाही. पडलेला असेल तर बरं, पण निर्धास्त होऊ नका. पडलेल्या घोड्याच्या बरोबर नाकासमोर बहुधा एक काडतूस असतं. जुन्या हत्यारात आतला अडसर झिजलेला असू शकतो, आणि घोड्याच्या पाठीवर चुकून हातोडी बसली तर तेवढं पुरतं.

नळीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. कपाटाची फळी आणि प्लायवूडचं दार गोळीला अडवत नाही. पलीकडच्या खोलीत सासूबाईंची खाट असेल तर खाट हलवा, रिव्हॉल्वर नको. ते आधीच बाहेर काढून टेबलावर ठेवलं असेल, तर खताच्या रिकाम्या पोत्यात कोरडी, खडे नसलेली वाळू भरा आणि ते पोतं बाजूनं सरकवत तोंडासमोर आणा. तोंडासमोरून चालत जायचं नाही. हातभर अंतर ठेवा, फूटभर जाडीच्या वाळूत बत्तीसची गोळी जिरते. तोंड वाळूत मात्र खुपसू नका. नळीत वाळू गेली आणि बार झाला तर नळी फाटते.

मग पोलिस ठाण्यात फोन करा, नाहीतर ११२. सांगताना दोन शब्द विसरू नका : 'भरलेलं आहे' आणि 'अडकलेलं आहे'. अर्जातही हेच लिहा. मी उगाच खोड काढत नाही. जमा करायला आलेलं हत्यार हातात घेतलं की चाप ओढून बघायची खोड चांगल्या चांगल्या लोकांना असते. ठाणं आपला आर्मरर पाठवेल, किंवा परवानाधारक दुरुस्तीवाल्याला तुमच्या घरी बोलावता येईल. ते हत्यार पिशवीत घालून एसटीनं पुण्याला घेऊन यायचं नाही.

आणि हे तुमच्या पत्रात नाही, पण महत्त्वाचं आहे. परवाना मामंजींच्या नावावर होता. ते गेले तसा त्याचा आधारही गेला. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. म्हणजे आज ते तुमच्या घरात असणंच अडचणीचं आहे, दुरुस्ती तर लांबच. घरची आठवण म्हणून ठेवायचं असेल तर वारसानं स्वतःच्या नावावर परवान्याचा अर्ज करायचा, तोवर हत्यार जमा. पावती घ्या, पावतीवर क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. सिलिंडर उघडत नसेल तर 'आत काडतुसं आहेत, संख्या पडताळलेली नाही' असं लिहायला लावा. काडतुसं सहा असतील, पाच असतील. सिलिंडरमध्ये काडतूस बसतं त्या भोकाला आम्ही घर म्हणतो, आणि जुनी माणसं घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायची. मामंजी त्यातले असतील तर शहाणे होते म्हणायचं.

आता, ते अडकलं कशामुळे? तुमच्या वर्णनावरून हे वेब्लीच्या घराण्यातलं दिसतं. बर्मिंगहॅमच्या वेब्लीची ही वरून मोडायची पद्धत, कानपूरचा सरकारी कारखाना तीच धरून बत्तीसचं रिव्हॉल्वर करत आला. खेड्यापाड्यातल्या परवानाधारकांच्या कपाटात हेच जास्त सापडतं, कारण ९ मिमी किंवा .३०३ सारखे लष्करी बोअर साध्या माणसाला मिळत नाहीत. यात डाव्या बाजूची कळ अंगठ्यानं दाबली की नळी आणि सिलिंडर एकत्र पुढे कलतात. बिजागरीवरचं दारच म्हणा ना. सिलिंडर फिरत नाही पण नळी कलते, तर दोष बहुधा पुढे असतो. तुमच्याकडे दोन्ही बंद आहे, म्हणजे दोष बहुधा मागे आहे : कळ गंजली आहे, किंवा एखाद्या काडतुसाची टोपी वर येऊन मागच्या पोलादी पाटीला टेकली आहे.

पितळेच्या भांड्यात कल्हईशिवाय ताक ठेवलं की कळकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. काडतुसाची पुंगळीही पितळेचीच. चामडं कमवताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरतात, वर पावसाळ्याची दमट हवा. तो हिरवा थर म्हणजे तोच कळक. तो फुगतो, पुंगळी घरात घट्ट बसते, बूड मागे रेटलं जातं. वर खोबरेल. थंडीत बाटलीत गोठतं तसं ते यंत्रातही गोठतं. त्यात धूळ बसते आणि वर्षानुवर्षं साचून त्याची खळ होते. मामंजींची माया खरी होती, तेल चुकलं. रिव्हॉल्वरला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब आणि कोरडं फडकं, बस्स. चामड्याचं कव्हर कमरेला वापरायचं, कपाटात नाही.

आणि म्हणूनच यजमानांची हातोडी नको. वर आलेली टोपी पाटीला टेकलेली असताना सिलिंडर ठोकून फिरवायचं म्हणजे काडीपेटीवर काडी घासण्यातलाच प्रकार, फक्त ती दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात कोकणातलं असंच एक माझ्या टेबलावर आलं. वाळूच्या पेटीत तोंड वळवून ठेवलं, मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या आणि आधी घोड्याची स्प्रिंग सोडवून बाजूला ठेवली. स्प्रिंग गेली की घोड्यात जीव राहत नाही, आपटला तरी त्याचं वजन तेवढंच. मग तीन दिवस हात लावला नाही. दुकानमालक रोज विचारायचा, 'झालं का?' चौथ्या दिवशी कळ अंगठ्यानं दबली. आतली काडतुसं ओल्या हरभऱ्यासारखी हिरवी, आणि एकाची टोपी नखाला लागेल एवढी वर. ती काडतुसं घरांतून कशी काढली हे इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की कुणीतरी करून बघतो. पण एवढं सांगतो, ठोकलं काहीच नाही. सगळा वेळ वाट बघण्यात गेला.

१ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत एका नामवंत हिंदी अभिनेत्याला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली. घर सोडताना ते कपाटात ठेवत असताना. तिथे कुणी हातोडी घेऊन बसलं नव्हतं. यजमानांना एवढी बातमी पुरेल.

प्रश्न : माझ्याकडे बाजूला उघडणारं बत्तीसचं जुनं परदेशी रिव्हॉल्वर आहे. वर्षातून एकदा रेंजवर जातो. यंदा तिसऱ्या बाराला आवाज बारीक आला, धक्काही जाणवला नाही. मी पुन्हा चाप ओढला तर तो ओढला जाईना आणि सिलिंडर बाहेर येईना. रेंजवरच्या साहेबांनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि चांगलं झापलं. माझं चुकलं काय? हत्यार अडलं, मी नाही अडवलं.
— एक वाचक, सांगली

उत्तर : साहेबांना एक नारळ नेऊन द्या.

तुमचं चुकलं ते 'पुन्हा चाप ओढला' इथे. सिलिंडर अडलं म्हणून तुम्ही वाचलात. ते फिरलं असतं तर पुढचं ताजं काडतूस पूर्ण जोरानं, बंद नळीत उडालं असतं.

'फुसका बार' हा शब्द आपण पुढाऱ्यांच्या भाषणाला वापरतो, पण हत्यारातला फुसका बार ही फार वाईट गोष्ट. दारू ओली, कमी किंवा तेलकट झालेली असते. टोपी उडते, थोडा जोर लागतो, गोळी पुंगळीतून सुटते, पण नळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा दम तिच्यात नसतो. ती मध्येच बसते. तुमच्या बाबतीत ती बहुधा अर्धी नळीत आणि अर्धी सिलिंडरच्या घरात राहिली, दारात खिळ बसावी तशी. म्हणून सिलिंडर फिरेना. बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर नळीपासून वेगळं होऊन बाहेर यायचं असतं, त्यामुळे तेही येईना. वरून मोडणाऱ्यात नळी आणि सिलिंडर एकत्रच कलतात, तिथे अशी खिळ बसली तरी हत्यार उघडू शकतं, आणि उघडलं म्हणून माणूस फसतो. वरच्या पत्रातल्या ताईंच्या यजमानांनीही हे लक्षात घ्यावं.

माझ्या टेबलावर एकदा एक नळी आली, बाहेरून मधोमध अंगठी घातल्यासारखी फुगलेली. मालकाचं म्हणणं, 'नेम लागत नाही.' नेम कसला लागतोय, गोळी बाहेरच येत नव्हती. नळी उभी कापली तर आत तीन गोळ्या एकीच्या पाठीत एक, पोवळ्याच्या माळेसारख्या. जुनी, तेलानं भिजलेली काडतुसं होती. त्याला प्रत्येक वेळी बारीक आवाज आला होता आणि प्रत्येक वेळी त्यानं पुढचा बार काढला होता. तो तुकडा मी ठेवलाय, नवीन पोरांना दाखवायला.

तेव्हा आवाज बारीक आला, धक्का कमी वाटला, निशाणावर भोक दिसलं नाही, यातलं काहीही एक झालं तरी थांबायचं. बोट चापावरून काढून बाजूला, तोंड निशाणाकडेच.

आणि आवाजच आला नाही तर? घोडा पडला, 'टिक्' झालं, बार नाही. तुम्ही लहानपणी ॲटम बॉम्ब लावला असेल. वात जळून आत गेली आणि उडाला नाही, तर वाकून बघायला जाणाऱ्या पोराला आई काय म्हणायची? तेच. कधी टोपी उडते पण दारू उशिरा पेट घेते. हा उशीर बहुधा क्षणाचाच असतो, पण रिव्हॉल्वरमध्ये त्याचा धोका दुप्पट, कारण लगेच दुसऱ्यांदा चाप ओढला की ते काडतूस नळीच्या समोरून बाजूला सरकतं. आता ते उडालं तर गोळीला नळीच नाही, समोर पोलादी चौकट आहे. म्हणून ओढायचं नाही, उघडायचंही नाही. तोंड निशाणाकडे धरून निदान तीस सेकंद मोजायचे. मी साठ मोजतो. घाई असलेल्या माणसानं रेंजवर येऊ नये.

थांबल्यावरही अंगठा आणि तर्जनीनं सिलिंडर पुढून चिमटीत धरून फिरवायचा मोह आवरा. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये कागद जाईल एवढी फट असते. बार झाला की त्या फटीतून दोन्ही बाजूंना पेटलेला वायू बाहेर पडतो. माझ्या डाव्या तर्जनीच्या पेरावर काळे ठिपके आहेत, गोंदवल्यासारखे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मिळाले. दारूचे कण कातडीखाली गेले की निघत नाहीत. बायको लग्नानंतर कितीतरी दिवस त्याला शाई समजत होती.

तुमचं हत्यार आता दुरुस्तीवाल्याकडे आहे असं धरतो. घरी नेऊन सळईनं ठोकलं असेल तर मला कळवू नका, मला झोप लागणार नाही.

हे झालं वाईट कारण. अडकण्याची नेहमीची कारणं बरीच साधी असतात, आणि बाजूला उघडणाऱ्यात सगळ्यात जास्त भेटणारं म्हणजे चांदणीखालची घाण. सिलिंडर बाहेर काढून पुढचा दांडा दाबला की मागे एक चांदणीच्या आकाराचा तुकडा वर येतो आणि पुंगळ्या ढकलून देतो. त्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार दाणे गेले, मोहरीपेक्षा बारीक, की चांदणी पुरती बसत नाही. केसाएवढी वर राहते. पुंगळ्यांची बुडं मागे घासतात, चाप जड होतो, कधी सिलिंडर बंदच होत नाही. लोक म्हणतात, हत्यार बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, दातात शेंगदाणा अडकलाय.

यावर उपाय सवयीचा आहे. पुंगळ्या टाकताना नळीचं तोंड सरळ आकाशाकडे करायचं आणि दांडा एकदाच, तळहातानं, पुरता दाबायचा. पुंगळ्या आणि दारूचे दाणे सगळं खाली पडतं, चांदणीखाली शिरत नाही. बहुतेक जण हत्यार आडवं धरून दांडा हळूहळू दोनदा-तीनदा दाबतात, म्हणजे दाण्यांना आमंत्रणच. रिकामं झाल्यावर, सगळी घरं डोळ्यांनी मोजून, जुन्या टूथब्रशनं चांदणीच्या खालून दोन हात मारायचे. तिथे तेल घालायचं नाही, तेलावर पुढचे दाणे चिकटतात. तो दांडा आट्यांवर बसवलेला असेल तर तो सैल होतो का तेही बघत जा. सैल झाला की लांब होतो, पुढे खाचेत अडकतो, आणि सिलिंडर उघडत नाही. रिकामं असताना बोटानं पिळून बघितलं की कळतं. भरलेलं असताना कळलं तर त्याला हात लावायचा नाही, वर ताईंना सांगितलं तेच.

प्रश्न : मी पंचवीस मीटर सेंटर फायर (टोपी बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसांच्या) प्रकारात सराव करते. हत्यार अडलं की मी हात वर करते आणि अधिकाऱ्याची वाट बघते. सोबतची मुलं स्वतःच खाटखूट करून सोडवतात आणि मला 'बाईसाहेब' म्हणून हसतात. मी वेळ वाया घालवते का?
— एक खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : हसू दे. स्पर्धेतला नियमच तो आहे : हत्यार अडलं तर तोंड निशाणाकडे ठेवून रिकामा हात वर करायचा आणि रेंज अधिकाऱ्याला बोलवायचं. खाटखूट करून स्वतः सोडवायला गेलेल्याचा पुन्हा बार काढायचा हक्क जाऊ शकतो. म्हणजे सरावात ती मुलं स्पर्धेत हरायचा सराव करतायत. शिवाय तुमच्या प्रकारात अडकण्याचं एक खास कारण असतं, सपाट डोक्याची शिशाची गोळी. तिचं शिसं आणि मेण सिलिंडरच्या तोंडावर साचत जातं, फट भरते, आणि पन्नास-साठ बारांनंतर सिलिंडर जड फिरायला लागतं. रिव्हॉल्वर वापरत असाल तर दोन फेऱ्यांच्या मध्ये, रिकामं करून, कोरड्या फडक्यानं ते तोंड पुसा. एवढं केलंत तर हात वर करायची वेळच कमी येईल.

प्रश्न : आमच्या गावात ट्रॅक्टरचा मिस्त्री हातचा फार साफ आहे. वडिलांचं रिव्हॉल्वर त्याच्याकडून सोडवून घेतलं तर चालेल का? आणि दसऱ्याला पूजा करतो त्यानं हत्यार खराब होतं, असं एक जण म्हणाला, ते खरं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मिस्त्रीकडून नाही. दुरुस्तीला परवाना लागतो, तसं शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. परवाना नसताना दुरुस्ती केली तर मिस्त्रीही अडकतो आणि हत्यार त्याच्या हाती दिलं म्हणून वडीलही. मिस्त्रीचा हात साफ असेल, पण ट्रॅक्टरचं इंजिन रागावून उलट फिरत नाही.

पूजेचं म्हणाल तर हो, खरं आहे. दसरा झाला की पुढच्या महिन्याभरात माझ्या टेबलावर तीन-चार तरी येतात. उघडलं की वास आधी येतो, झेंडूचा. घोड्याच्या खाचेत हळद-कुंकू, वर पंचपात्रीतलं पाणी शिंपडलेलं, एकदा तर पंचामृत. मधावर मुंग्या आल्या होत्या, खोटं सांगत नाही. हळद-कुंकवाची ओली पेस्ट सिलिंडर थांबवणाऱ्या छोट्या खिट्टीपाशी जाते, वाळते, आणि खिट्टी खाली जायचं विसरते. मग सिलिंडर एका जागी घट्ट. त्या ओलीनं काळ्या पोलादावर चार दिवसांत तांबूस डाग पडतात ते वेगळेच. दुसऱ्याच एका दसऱ्याला एक गृहस्थ भरलेलंच रिव्हॉल्वर पाटावर मांडून पूजा करतात हे मला त्यांच्या मुलानं सांगितलं. पाटासमोर नातवंडं आरतीला उभी.

खंडेनवमीला आम्हीही शस्त्रागारात पूजा करायचो, दरवर्षी, सगळ्या मानानं. आदल्या दिवशी प्रत्येक हत्यार उघडून रिकामं बघितलेलं, काडतुसं वेगळ्या खोलीत कुलपात. पाटावर पांढरं कापड, त्यावर हत्यारं, तोंडं भिंतीकडे. फुलं आणि अक्षता समोर. आमचे जुने जमादार गंधाचं बोट लावायचे ते हत्याराच्या लाकडी पेटीला.